बंदुकीला करडईचं तेल नको

आमच्या कडगंची गावाच्या आसपास पीकरक्षणाच्या परवान्यावरच्या बंदुका अजून काही घरांत आहेत. बहुतेक बारा बोअरच्या, एकनळी नाहीतर दुनळी. तूर भरात आली की रानडुकरांना हुसकावण्यापुरत्या त्या बाहेर निघतात, एरवी कोपऱ्यात. वापरून बंदूक फारशी बिघडत नाही. बिघडते ती नुसती ठेवून. मी फौजेतून आलेला, म्हणून लोक सफाईचं मला विचारतात.

"काका, तेल भरपूर घातलंय की, तरी घोडा जड चालायलाय."

आधी बंदूक उघडून नळ्या रिकाम्या आहेत ना हे डोळ्यांनी आणि बोटानंही पाहायचं. मग मी विचारतो, तेल कुठलं? बहुधा घरातलंच, करडईचं. भाजी-भाकरीला करडईसारखं तेल नाही, हे मीही म्हणेन. पण करडई आणि जवस ही सुकणारी तेलं. हवेतला प्राणवायू घेऊन ती घट्ट होत जातात. घोड्याच्या खाचेत नख घातलं की पिवळट, चिकट पापुद्रा निघतो आणि त्यात काळ्या रानाची धूळ रुतलेली असते. घोडा अडणारच.

हाच सुकण्याचा गुण दस्त्याच्या लाकडाला मात्र हवा असतो. हार्डवेअरच्या दुकानातलं डबल बॉइल्ड जवसाचं तेल तळहातानं चोळावं, अगदी पातळ, आणि एक हात पुरता सुकल्यावरच दुसरा. त्या तेलाच्या चिंध्या गोळा करून कोपऱ्यात टाकू नका. सुकताना त्या आतून तापतात आणि आपोआप पेट घेऊ शकतात. पाण्यात भिजवूनच टाकाव्यात.

लोखंडाला खनिज तेल. जुन्या काळी शिकारी बंदुकांना रंगून तेल लावत. ब्रह्मदेशातल्या जमिनीतून निघणारं, न सुकणारं. आज शिलाई मशीनचं पातळ तेलसुद्धा चालतं. साचलेला चिकटा काढायला रॉकेल चांगलं, पण ते उडून जातं, राखण करत नाही. पुसून वर तेल द्यावंच लागतं. डब्ल्यूडी-40 1953 साली अमेरिकेत तयार झालं ते पाणी हटवण्यासाठी. भिजलेल्या बंदुकीला ते उत्तम, पण तेवढ्यावर अख्खा पावसाळा काढू नये. ट्रॅक्टरचं काढलेलं काळं तेल तर कधीच नको. त्यात आम्ल असतं आणि झिजलेल्या लोखंडाचा कीसही.

बिदरीचं भांडं काळं झाल्यावर कारागीर त्यावर तेल चोळतात. नळीच्या निळ्या-काळ्या रंगालाही तसाच हात लागतो, नाहीतर घामेजल्या बोटांचे ठसे गंजून वर येतात.

किती तेल लावायचं, ते फौजेतली चिंदी शिकवते. रायफलीची नळी पुसायला 4 बाय 2 इंचाची चिंदी, तेल द्यायला 4 बाय दीडची. अर्धा इंच कमी असल्यानं ती नळीत सैल जाते, तेल पुसून न नेता मागे ठेवते. बारा बोअरला कापड मोठं लागेल, हिशोब तोच. ग्रीस फक्त नळी जिथे मोडते त्या बिजागरीला, मुगाच्या दाण्याएवढं. बाकी ठिकाणी ते धूळ धरतं, आणि ग्रीसमधली धूळ म्हणजे पॉलिश पेपरच.

खरी परीक्षा निवडणुकीत होते. 2024 ला आचारसंहिता 16 मार्चला लागली, आपल्याकडे मतदान 7 मे रोजी झालं, आचारसंहिता उठली जूनमध्ये. आचारसंहितेमुळे पोलीस ठाण्यात जमा केलेली बंदूक असा पूर्ण उन्हाळा आणि पावसाचं तोंड पाहते. देण्याआधी नळी कोरडी करून आत-बाहेर तेलाचा हात द्या. व्हॅसलीन थापू नका. आपल्या उन्हात ते पातळ होऊन ओघळतं. घरी ठेवतानाही नळीचं तोंड खाली असावं, म्हणजे तेल दस्त्यात मुरून लाकूड मऊ पडत नाही. काडतुसांना तेलाचा हात लागू देऊ नका, ते टोपीत शिरलं तर बार फुसका जातो.

आणि ठाण्यातून बंदूक परत आणलीत की काडतूस घालण्याआधी कोरडी चिंदी नळीतून आरपार फिरवा. ती तेलकट निघाली तर दुसरी घ्या. कोरडी निघेपर्यंत बार काढू नका.