हृदयाला मिळालेली सवड

२६ ऑगस्ट १९८२ रोजी गडचिरोली जिल्हा चंद्रपुरापासून वेगळा झाला, त्या सुमारास मी महसूल खात्याच्या नोकरीत शिरलो, आणि पुढे निवृत्त होईपर्यंत ज्या ज्या तालुक्यांत माझी बदली झाली तेथे अकाली मृत्यूची वर्दी आली की हिवताप, सर्पदंश, अडलेले बाळंतपण किंवा पूर यांपैकीच एखादे कारण तिच्यासोबत येई. हृदयरोग हा शहरातील सुखवस्तू माणसांचा, असा सार्वत्रिक समज होता. परंतु 'सर्च' संस्थेने याच जिल्ह्यातील ८६ खेड्यांत मृत्यूंच्या कारणांचा शोध घेतला तेव्हा पक्षाघात अग्रस्थानी निघाला; म्हणजे रक्तवाहिन्यांचे विकार अरण्यातही येऊन स्थिरावले होते. आमच्या घराला त्याची प्रचीती थोरल्या बंधूंच्या आजाराने आली.

दादा भामरागड तालुक्यातील एका आश्रमशाळेचे मुख्याध्यापक होते आणि सेवानिवृत्तीनंतरही तेथेच राहिले होते. एका श्रावणात पर्लकोटेला पूर येऊन आलापल्लीचा रस्ता बंद असताना त्यांच्या छातीत कळ उठली. रक्तवाहिनी बंद पडली की तिच्यावर पोसणारा हृदयाचा स्नायू तासाभराच्या आतच मरू लागतो. पाणी ओसरून आम्ही त्यांना नागपूरला नेईपर्यंत तो बहुतांशी कामातून गेला होता. टूडी एकोत पंपिंग २० टक्के निघाले. निरोगी हृदयात ते साधारणतः ५५ टक्क्यांच्या वर असते. अँजिओग्राफीत डावी मुख्य रक्तवाहिनीही अरुंद झालेली दिसली. मूत्रपिंडे दुर्बल असल्याने बायपास सोसणार नाही, असा शल्यविशारदांचा अभिप्राय पडला. राहता राहिली अँजिओप्लास्टी; पण मुख्य वाहिनीत फुगा फुगवला की तेवढ्या क्षणांपुरता उरल्यासुरल्या स्नायूचाही रक्तपुरवठा तुटतो, आणि आधीच थकलेले हृदय त्याच क्षणी थांबण्याची धास्ती असते. म्हणून तेवढा वेळ हृदयाला यंत्राचा आधार द्यावा, अशी डॉक्टरांची तजवीज होती.

तो आधार दोन प्रकारे देता येतो, हे त्यांनी कागदावर आकृती काढून आम्हांस समजावले. पहिला बलून पंप, जो ॲड्रियन कँट्रोविट्झ यांनी १९६७ साली ब्रुकलिन येथे प्रथम रुग्णावर वापरला. जांघेतील धमनीतून एक लांबट फुगा महाधमनीत नेऊन ठेवतात. हृदय विसावते तेव्हा तो हेलियम वायूने फुगून रक्त हृदयाच्या स्वतःच्या वाहिन्यांकडे लोटतो, आणि हृदय आकुंचन पावण्याच्या ऐन वेळी रिकामा होऊन त्याचे श्रम हलके करतो. दुसरे यंत्र 'इम्पेला'. हा इवलासा फिरता पंप हृदयाच्या डाव्या खालच्या कप्प्यात शिरून तेथील रक्त थेट महाधमनीत ओततो. या जातीच्या पंपाची कल्पना रिचर्ड वॅम्पलर यांना इजिप्तमधील खेडूत मळसूत्री नळाने पाणी उपसत असताना सुचली, आणि १९८८ साली त्यांचा 'हिमोपंप' प्रथम रुग्णाच्या हृदयात चालला. धानाच्या मुलखात जन्म गेलेल्या दादांना, नाल्याचे पाणी बांधीत चढवणाऱ्या इंजिनासारखेच हे, असे चटकन उमगले. परंतु इम्पेलाची नळी जाड, दादांच्या पायांच्या धमन्याही अरुंद, आणि यंत्राची किंमत लाखांच्या घरात. तेव्हा बलून पंपावर निर्णय होऊन वहिनींनी जोखमीच्या संमतिपत्रावर सही केली.

स्टेंट बसले. त्यानंतर अतिदक्षता विभागात दादा फुगा घातलेला पाय सरळ ठेवून निश्चल पडून असत, सिस्टर वेळोवेळी पावलाची नाडी चाचपून बोटांचा रंग पाहत, आणि उशाशी यंत्र त्यांच्या ईसीजीच्या इशाऱ्यावर प्रत्येक ठोक्याला फुगा चालवीत असे. पुढे डॉक्टरांनी यंत्राचा वाटा दर दुसऱ्या, मग दर तिसऱ्या ठोक्यावर आणला, आणि रक्तदाब टिकतो अशी खातरजमा होताच फुगा काढून घेतला. मेलेला स्नायू त्यामुळे जिवंत झाला नाही. शिणलेला स्नायू सावरण्यास सवड मात्र मिळाली, आणि दादा घरी परतले.

असे पंप सरसकट तारक नव्हेत, हे डॉक्टरांनी सहीपूर्वीच स्पष्ट सांगितले होते. हृदयविकाराच्या झटक्यानंतर रक्तदाब कोसळलेल्या ६०० रुग्णांवर जर्मनीत झालेल्या व २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत बलून पंपाने महिनाभरातील मृत्यू घटले नाहीत. इम्पेलाच्या २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, डेन्मार्क, जर्मनी व ब्रिटनमधील निवडक अत्यवस्थ रुग्णांपैकी सहा महिन्यांत शेकडा ५९ ऐवजी ४६ दगावले. मात्र रक्तस्राव आणि पायाचा रक्तप्रवाह अडण्याचे प्रकार वाढले. रुग्णाची पारख, कुशल हात आणि अहोरात्र पहारा असेल तरच ही यंत्रे उपकारक ठरतात, आणि म्हणून ती मोठ्या रुग्णालयांतच असणार, हे मला मान्य आहे.

परंतु जंगलातल्या माणसाचे हृदय नागपूरच्या वाटेवर, दीड-दोनशे किलोमीटर आधीच, मरत असेल तर तेथील उत्तमोत्तम पंपही त्याच्या वाट्यास उशिराच येतो. ईसीजीचे यंत्र, तो पाहून दूरवरून सल्ला देणारा तज्ज्ञ आणि रक्ताची गुठळी विरघळवणारे इंजेक्शन ही तीन साधने भामरागड, एटापल्ली, सिरोंचा येथे बारमाही, विशेषतः पावसाळ्यात, सिद्ध असली पाहिजेत. पंपाची गरज पडण्याआधीच पुष्कळ हृदये त्यांनी वाचतील. आणि वाचकहो, छातीत दडपण येऊन घाम फुटला, कळ हातात वा जबड्यात उतरली, तर पित्त म्हणून सोडा घेऊन पडून राहू नका. त्याच घटकेस जवळचा दवाखाना गाठून ईसीजी काढा.