अर्धी टेकडी

पुण्यात ज्याच्या घराजवळची जी टेकडी, ती त्याची. कोथरूडकरांची वेताळ टेकडी, सहकारनगरवाल्यांची तळजाई, डेक्कन-शिवाजीनगरच्यांची हनुमान टेकडी, बाणेरकरांची बाणेरची. ‘टेकडीवर जाऊन येते’ एवढंच सांगून माणूस घराबाहेर पडतो आणि घरातल्यांना सगळं कळतं. एवढ्या गजबजलेल्या शहरात पायांत बूट सरकवावेत आणि थोड्याच वेळात कमरेएवढ्या गवतात उभं राहावं, हे सुख किती शहरांच्या वाट्याला येतं? ज्यांच्या घरात लहान मूल आहे, त्यांच्यासाठी तर हे ऐश्वर्यच आहे.

मुलांना डोंगर दाखवायचा म्हटलं की आपल्याकडे पहिल्यांदा सिंहगड आठवतो. सिंहगडाबद्दल माझ्या मनात प्रेमच आहे. पण साडेतीन वर्षांच्या मुलाला तिथं काय मिळतं? पायवाट त्याला झेपत नाही, म्हणून गाडीनं वर जायचं, पिठलं-भाकरी आणि मडक्यातलं दही खायचं, गर्दीत त्याचा हात घट्ट धरून ठेवायचा आणि उतरायचं. मूल सात-आठ वर्षांचं होईपर्यंत गड थांबू शकतो. तोवर मुलाच्या पायांना पुरेल, असा डोंगर हवा. वेताळ टेकडी ही शहरातली सगळ्यांत उंच. तरी तिची उंची समुद्रसपाटीपासून आठशे मीटरच्या आसपास आणि पायथ्याची वस्तीच मुळात साडेपाचशेच्या वर वसलेली. म्हणजे चढ उरला तो दोन-अडीचशे मीटरचा. त्यातला अर्धा चढला तरी मुलाला पुष्कळ होतो. आणि ज्यांना तेवढाही जमणार नाही, त्यांच्यासाठी वाहन संशोधन संस्थेच्या बाजूनं, म्हणजे लोक जिला एआरएआय टेकडी म्हणतात तिथून, गाडी बरीच वर जाते आणि पुढं जवळजवळ सपाटीच आहे. दुडूदुडू चालणारं मूलसुद्धा तिथं स्वतःच्या पायांनी हिंडतं.

हिंडतं म्हणजे काय करतं, हे मात्र पाहण्यासारखं असतं. मोठी माणसं टेकडी चढतात ती माथ्याकडे बघत. मुलं बघतात पायाखाली. त्यांचे डोळे जमिनीपासून दोन-अडीच फुटांवर असतात, त्यामुळं त्यांना दिसणारी टेकडीच वेगळी असते. आमची थोरली आणि धाकटा बरोबर असले, की पहिल्या वळणापर्यंत जाण्यातच सकाळ सरते. एक मुंगळा मेलेला टोळ ओढून नेत असतो. एका दगडावर शेवाळाचे ठिपके असतात. कुणाच्या तरी कुत्र्याशी ओळख काढायची असते. मग मध्येच मोर ओरडतो आणि सगळं सोडून तो कुठं आहे, ते शोधायचं असतं. मोर बहुतेक वेळा दिसत नाही. त्यानं दोघांचंही काही अडत नाही.

दिवाळीच्या सुमाराला टेकडीवर कुसळी गवत पिकतं. मोठ्यांना हे गवत नकोसं होतं, कारण मोजे आणि पायजमे कुसळांनी भरून जातात. पण एक कुसळ सावकाश उपटून तळहातावर घ्या आणि मुलाला दाखवा. एका टोकाला सुईसारखं अणकुचीदार बी, त्यावर उलट्या दिशेनं फिरलेले तपकिरी केस, म्हणून ते कपड्यात शिरतं पण बाहेर येत नाही. बीच्या मागं लांबच लांब काळपट शेपटी, दोरीला पीळ द्यावा तशी पिळलेली. आता त्या शेपटीवर बाटलीतल्या पाण्याचे दोन थेंब टाकायचे आणि हात स्थिर ठेवायचा. थोड्या वेळात कुसळ आपोआप फिरू लागतं. ओल लागली की पीळ उलगडतो, वाळलं की पुन्हा बसतो. रात्रीचं दव आणि दिवसाचं ऊन यांच्या जोरावर, असं पुन्हापुन्हा फिरत ते बी स्वतःला मातीत रुजवून घेतं. थोरलीनं हे पहिल्यांदा पाहिलं, तेव्हा ती ओरडलीच, “आई, हे जिवंत आहे!” मी तिला लगेच काही समजावलं नाही. तिनं आणखी कुसळं मागितली, धाकट्यानं सगळं पाणी एकदम ओतलं, तेव्हा ते फिरतंच आहे की वाहून चाललंय, हे कळेना, मग पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. त्या दिवशी आम्ही दहा-पंधरा पावलांच्या पलीकडे गेलो नाही. पण त्यानंतर मोज्यात कुसळ गेलं म्हणून तिनं कधी कुरकुर केलेली नाही.

दगडांचंही तसंच. ही सगळी टेकडी लाव्हारसाची, दख्खनच्या पठाराइतकीच जुनी, म्हणजे साधारण साडेसहा कोटी वर्षांची. मुलांना कोटी काय आणि हजार काय. पण टेकडीवरच्या खाणीच्या बाजूच्या काळ्या दगडात अधूनमधून पांढरे, चमचमणारे ठिपके दिसतात, ते त्यांना बरोबर सापडतात. लाव्हा थंड होताना त्यात वायूचे बुडबुडे अडकले, त्यांच्या पोकळ्या राहिल्या आणि पुढं खनिजं विरघळलेल्या पाण्यानं त्या पोकळ्यांत स्फटिक बसवले. पुणे परिसरातले असे स्फटिक जगभरच्या संग्रहालयांत आहेत. हे मी सांगते तेव्हा धाकटा विचारतो, “म्हणजे दगडाच्या पोटात वारा होता?” होता, अगदी असंच. खाणीजवळ मात्र मुलांचा हात सोडायचा नाही. पावसाळ्यानंतर तिथं पाणी साठतं, ते सुंदर दिसतं, पण काठ उभा आहे आणि पाण्याची खोली वरून कळत नाही.

पाऊस सुरू झाला, की टेकडी मुलांच्या मापाची होते, असं मला वाटतं. पहिल्या सरींनंतर, मृगाच्या सुमारास, ओल्या मातीवर लाल मखमलीचे थेंब चालताना दिसतात. तो मृगाचा किडा. त्याला हलकेच बोट लावलं की तो पाय पोटाशी घेऊन गप्प बसतो, मग जरा वेळानं निघतो. पाय मोजायला सांगा. आठ निघतात, म्हणजे तो कोळ्याच्या नात्यातला. वर्षातले थोडेच दिवस तो दिसतो, त्यामुळं तो चुकला, तर पुढचं वर्ष वाट पाहायची. ही वाट पाहण्याची सवय मुलांना दुसरीकडे कुठं लागणार? श्रावणात झुडपांवर कळलावी चढलेली असते. तिच्या पानाचं टोकच वळून काडीला विळखा घालतं. पिवळ्या-लाल पाकळ्या वर वळलेल्या, जणू वारा खालून येतोय. ती विषारी असते, कंद तर फारच. तेव्हा बघायची, तोडायची नाही, हे मुलांना तिथंच, फुलासमोर उभं करून सांगावं. घरी सांगितलेलं त्यांना आठवत नाही.

उन्हाळ्यात बरेच पालक टेकडी सोडून देतात. मला ते पटत नाही. सकाळी साडेसहाला निघून आठच्या आत खाली आलं, तर मार्च-एप्रिलही सोसतो. फेब्रुवारीअखेर पळस पेटलेला असतो, पांगाऱ्यावर मैनांची आणि बुलबुलांची गर्दी असते, काटेसावरीची जाड, मांसल फुलं खाली पडलेली असतात. ती मुलांनी खुशाल गोळा करावीत, पडलेली फुलं कुणाची नसतात. नंतर सावरीची बोंडं फुटतात आणि कापूस वाऱ्यावर निघतो. त्याच्यामागं धावताना चढ कधी संपला, ते मुलांना कळतही नाही.

याच दिवसांत आणखी एक गोष्ट दिसते. पहाटे पाच-पाच लिटरचे कॅन घेऊन टेकडी चढणारी साठी-सत्तरीची माणसं. कुणी नेमलेलं नाही, कुणी पैसे देत नाही. प्रत्येकाची चार-दोन रोपं ठरलेली. एका आजोबांनी धाकट्याच्या हातात छोटी बाटली दिली आणि म्हणाले, “बाळा, हा कडुनिंब आजपासून तुझा.” तेव्हापासून तो त्याचा झाला आहे. चढावर रडू आलं तरी निंबापर्यंत जायचंच असतं.

इथं एक मनातलं बोलून टाकते. टेकडी उघडी दिसली, की तिथं खड्डे खणून झाडं लावायची घाई आपल्याला होते. पूर्वी अशाच घाईत गिरिपुष्पाची लागवड झाली. ते मूळचं मध्य अमेरिकेतलं झाड, भराभर वाढलं, फेब्रुवारीत गुलाबी फुलतंही सुरेख, पण गवताची जागा त्यानं घेतली. गवताळ उतार म्हणजे पडीक जमीन नव्हे. टिटवी उघड्यावर, खड्यांमध्ये अंडी घालते आणि ती अंडी खड्यांसारखीच दिसतात. चंडोल गवताच्या बुडाशी घरटं करतो. टिटवी डोक्यावर घिरट्या घालत ओरडू लागली, तर मुलांना सांगावं, आपण तिच्या घरात शिरलोय, चला मागं. मुलं लगेच मागं फिरतात. हे त्यांना मोठ्यांपेक्षा लवकर समजतं.

तयारी फार लागत नाही. पूर्ण पायजमा, बंद बूट, टोपी, माणशी एक पाण्याची बाटली. डब्यात काकडी, गूळ-शेंगदाणे, भडंग. दगड उलटायचे नाहीत, खाली विंचू असू शकतो. उंच गवतात आपण पुढं, मूल मागं. मोकळ्या वाटेवर मात्र मूल पुढं आणि आपण मागं, म्हणजे चाल तेच ठरवतं. उजाडल्यावरच निघावं, अंधार पडायच्या आत उतरावं, निर्जन कोपऱ्यात एकट्यानं जाऊ नये. परतीच्या ताकदीचा हिशेब आधीच करावा, कारण उतरताना एकाला तरी कडेवर घ्यावं लागतं. ज्या घरात आजी-आजोबांनाही यायचं आहे, त्यांनी पर्वती निवडावी. नानासाहेब पेशव्यांच्या काळातल्या त्या एकशे तीन पायऱ्या रुंद आणि सैल आहेत, मधे बसता येतं, मुलांची शंभरापर्यंतची उजळणी होते आणि वर तीन उरतात. फर्ग्युसनच्या मागच्या टेकडीवर १९०५ साली गोखल्यांनी भारत सेवक समाजाची शपथ घेतली, ती जागा थोरलीला मी कौतुकानं दाखवली. तिला तिथला बसायचा कट्टा जास्त आवडला. चालेल, गोखले तिला पुढं भेटतील.

या टेकड्यांवर शहराचा डोळा कायम असतो. वेताळ टेकडीतून बालभारती ते पौड फाटा रस्ता आणि बोगदे काढायचं घाटत होतं, तेव्हा २०२३ साली पुणेकर त्याविरुद्ध मोर्चा घेऊन रस्त्यावर उतरले. वाहतुकीचा प्रश्न खरा आहे. मीही त्याच कोंडीत रोज अडकते. पण रस्ता आखताना टेकडीचा जो कडेचा उतार कामाला येतो, तोच लहान मुलांचा उतार असतो. माथा शाबूत राहिला, तरी पायथ्याची ती सौम्य वाट, जिथं मुंगळा टोळ ओढतो आणि कुसळ फिरतं, तीच आधी जाते. माथ्यापर्यंत धडधाकट माणूस दुसऱ्या वाटेनं पोचेल. साडेतीन वर्षांच्या मुलाला दुसरी वाट नसते. नकाशावर रेषा मारणाऱ्यांनी एकदा तरी अशा मुलाचं बोट धरून ती रेषा चालून पाहावी, असं मला फार वाटतं.

वेताळाच्या देवळापर्यंत आमची मुलं अजून पोचलेली नाहीत. थोरलीला वेताळाची जरा भीती आहे आणि जबर उत्सुकताही. तो दिवसा झोपतो का, हे तिला तिथं जाऊनच विचारायचं आहे. धाकट्याला त्याच्यात रस नाही. या रविवारी त्याला निंबाला पाणी घालायचंय, आणि नवी पालवी फुटलीय का ते बघायचंय. तेव्हा या रविवारीही निंबापर्यंतच.