चाळीस किलो

माझ्या कादंबऱ्यांत माणसे मरतात, एक विहीर खचते, एक नायिका भर उन्हात घर सोडून निघते; पण कोणी काही उचलत नाही. म्हणजे घागरी भरल्या जातात, कापसाची गाठोडी गाडीवर चढतात, पण ती चढवताना माणसाचे गुडघे कुठे असतात आणि कंबर कुठे असते, याकडे लेखिकाबाईंनी ढुंकूनही पाहिलेले नाही. वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी ते पाहण्याची पाळी आली, तीही एका पत्र्याच्या शेडमध्ये, मिसरूडही न फुटलेल्या पोरांच्या घोळक्यात.

आमची पिपरी मेघे म्हणजे कागदावर गाव आणि डोळ्यांना वर्धा शहर. कुठे एक संपते आणि दुसरे सुरू होते ते रिक्षावाल्यालाही सांगता येत नाही. या भागात गावांना आडनावे असतात. सावंगी मेघे, सिंदी मेघे, बोरगाव मेघे ही आमची भावंडे. इथल्याच एका खाजगी शाळेत मी मॅट्रिकनंतर बालवर्गावर लागले आणि पुढे चौथीपर्यंतच्या मुलांना शिकवत राहिले. उरलेले शिक्षण कादंबऱ्या वाचून आणि मग लिहून झाले. शरीर हा विषय त्यात कुठे आला नाही. शाळेच्या वेळापत्रकात कवायतीचा तास होता, पण तो मी नेहमी वह्या तपासायला वापरत असे.

गेल्या वर्षी आखाडात आई न्हाणीत घसरली. खुब्याचे हाड मोडले. शस्त्रक्रिया झाली, सळई बसली, दहाव्या दिवशी ती घरी आली. डॉक्टरांनी बजावून सांगितले होते की खाटेला खिळू देऊ नका, दिवसातून चार-पाच वेळा उठवा, उभे करा, वॉकर धरून चार पावले टाकू द्या. सांगणे सोपे होते. तिसऱ्या दिवशी मी खाटेशी वाकले, तिच्या काखांत हात घातले आणि पाण्यातून बादली ओढावी तशी तिला ओढली. ती जागची हलली नाही. माझ्या कंबरेत मात्र काहीतरी कटकन वाजले.

मग एका खोलीत दोन खाटा. मदतीला एक बाई ठेवली आणि मी चार दिवस छताकडे बघत पडून राहिले. पडल्या पडल्या एक गोष्ट लक्षात आली. आईच्या उशाशी ठेवलेला पाण्याचा तांब्या संध्याकाळी भरलेला तसाच असे. दुपारी दोननंतर ती घोटभरसुद्धा पीत नसे. पाणी प्यायचे म्हणजे रात्री उठावे लागायचे, आणि उठायचे म्हणजे कोणीतरी उचलावे लागायचे. मी विचारले तेव्हा भिंतीकडे तोंड करून म्हणाली, "माह्यापायी तुही कंबर गेली. मले तहान नाई लागत."

बाईमाणूस तहान मारते ती अशी. मी कादंबरीत हे लिहिले असते तर समीक्षकांनी त्याला अतिशयोक्ती म्हटले असते.

आईचा व्यायाम घ्यायला येणाऱ्या फिजिओथेरपिस्ट मुलीने माझीही कंबर तपासली. गोळ्यांनी दुखणे जाईल, पण परत वाकाल तशी परत धरेल, म्हणाली. "दुखणे गेले की उचलायला शिका. जिममध्ये जा." मला हसू आले. आमच्या रस्त्यावरच्या त्या जिमच्या पाटीवर उघड्या अंगाचा असा एक रुंद पुरुष रंगवला आहे की तिथून जाताना मी नजर गटाराकडे ठेवत असे.

दीड महिन्याने त्याच पाटीखालून आत गेले. दुपट्टा कमरेला बांधलेला, पायांत मुलांच्या पी.टी.चे पांढरे कॅनव्हासचे बूट. शिकवणारा कोण निघावा? माझाच एक जुना विद्यार्थी! नाव सांगत नाही, कारण तिसरीत मी त्याला जोडाक्षरांवरून फार छळले आहे. त्याने मला पाहिले आणि सवयीने हात मागे बांधून उभा राहिला.

बुटांना मात्र तो खूश झाला. धावायच्या बुटांचा तळ मऊ असतो, वजन धरले की पाय गादीवर उभे राहिल्यासारखे डुगडुगतात. आपले साधे सपाट बूट बरे. पहिला आठवडाभर त्याने लोखंडाला हातच लावू दिला नाही. झाडूचा दांडा आणला आणि माझ्या पाठीवर उभा धरायला लावला. डोक्याचा मागचा भाग, दोन खवाट्यांची मधली जागा आणि माकडहाडाच्या वरचे हाड, या तिन्ही ठिकाणी दांडा टेकला पाहिजे. आणि वाकताना तिन्हींपैकी एकही सुटता कामा नये. करून पाहा. आपण आयुष्यभर कंबरेतून वाकत आलो, आणि खरे वाकायचे असते ते खुब्यातून, हे त्या दांड्याने मला सांगितले. दार ढकलायला हात मोकळे नसले की आपण कसे पार्श्वभागाने ढकलतो? तसे मागे जायचे. गुडघे जेमतेम वाकतात, पाठ सरळ राहते, आणि मांडीच्या मागच्या शिरा तंबोऱ्याच्या तारेसारख्या ताणल्या जातात.

मग रॉड आला. स्पर्धेतला पुरुषांचा रॉड वीस किलोचा आणि सव्वादोन मीटरला जरा कमी. बायकांचा पंधराचा, थोडा आखूड आणि मुठीत मावेल असा बारीक. आमच्याकडे फक्त पुरुषांचाच होता. मोठ्या प्लेटा पंचेचाळीस सेंटिमीटर व्यासाच्या असतात, त्यामुळे रॉड जमिनीपासून वीतभर उंच राहतो. नवशिक्याच्या छोट्या प्लेटा लावल्या की तो पार खाली जातो आणि उचलणारा उगाचच दुमडतो. म्हणून त्याने दोन्ही बाजूंना स्कूटरचे जुने टायर टाकून त्यांवर रॉड ठेवला. तरी माझी पहिली उचल पाहून तो खाली बघून म्हणाला, "मॅडम, तुम्ही रॉड उचलून नाही राहिल्या, वाकून नमस्कार करून राहिल्या."

रॉड बुटाच्या नाडीच्या गाठीवर यावा, नडगीला लागून. पोटात श्वास भरून तो कोंडायचा, जणू कोणी गुद्दा मारणार आहे. मग रॉड ओढायचा नाही, पायांनी जमीन खाली ढकलायची. रॉड नडगीला, मांडीला घासत वर आला पाहिजे. चार बोटे जरी पुढे गेला तरी सगळे ओझे कंबरेवर येते. माझा दोष असा की आधी पार्श्वभाग वर जायचा आणि छाती मागाहून. दोन्ही बरोबर उठायला मला पाच आठवडे लागले.

त्या पाच आठवड्यांत एका गोष्टीची मला मनातून लाज वाटत राहिली. एका उचलीत माझ्या सात चुका होत असतील. तो एकच सांगे. "आज फक्त पाठ." दुसऱ्या दिवशी, "आज फक्त श्वास." बाकी सहा चुका त्याला दिसत होत्याच, तो त्या पोटात ठेवी. याच मुलाच्या वहीत मी एका ओळीत चार-चार लाल फुल्या केल्या होत्या, आणि खाली लिहिले होते, "नीट लक्ष दे." नीट लक्ष देणे म्हणजे कुठे लक्ष देणे, हे त्या पोराला कोण सांगणार होते?

दर तिसऱ्या दिवशी एका बाजूला सव्वा आणि दुसऱ्या बाजूला सव्वा, असे अडीच किलो वाढत. कधी वाढतही नसत. वडगाव मावळच्या हर्षदा गरुडने 2022 च्या मे महिन्यात ग्रीसमध्ये पंचेचाळीस किलोच्या गटात एकूण 153 किलो उचलले आणि जागतिक ज्युनियर स्पर्धेचे सुवर्णपदक आणले. तसे सुवर्ण भारताला पहिल्यांदाच मिळाले. स्वतःच्या वजनाहून जास्त, एका दमात डोक्यावर 70, आणि खांद्यावर थांबून 83! तेव्हा ती बातमी मी शाळेत मुलांना वाचून दाखवली होती, पण वाचताना आकडे म्हणजे नुसते आकडेच होते. त्याच वर्षी जुलैत बर्मिंगहॅमला सांगलीचा संकेत सरगर, पानाची टपरी चालवणाऱ्या बापाचा मुलगा, 248 किलो उचलून सोन्याला एका किलोने मुकला. दुसऱ्या उचलीत त्याचे कोपर दुखावले होते, तरी तो तिसऱ्या उचलीला उभा राहिला. एक किलो म्हणजे किती, ते मला सव्वाच्या प्लेटेने शिकवले.

दवाखान्यातून सुटी मिळताना आईचे वजन चाळीस किलो भरले होते. रॉडचे वीस आणि दहाच्या दोन प्लेटा: चाळीस. दसऱ्याच्या आदल्या संध्याकाळी त्याने त्या प्लेटा चढवल्या. शेजारी एक पोरगा शंभरावर हुंकार भरत होता, त्यामुळे माझ्याकडे कोणाचे लक्ष नव्हते. उचलला. गुडघे सरळ, खुबे सरळ, आणि उभी राहिले. नववीच्या शास्त्रात बल गुणिले विस्थापन म्हणजे कार्य. वस्तू जागची हलली नाही तर कार्य शून्य. मी तो चाळीस किलोंचा भार धरून घामाघूम उभी होते आणि शास्त्राच्या हिशेबी काही करत नव्हते. खाली ठेवावासा मात्र वाटेना. हे चाळीस किलो कशाचे, ते मी पोराला सांगितले नाही.

घरी येऊन हात-पाय धुतले आणि आईच्या खाटेशी गेले. इतके दिवस तिला मदतनीस बाईच उठवत असे. आईने मला जवळ येऊ दिले नव्हते.

माणूस म्हणजे रॉड नव्हे, हे पहिल्या क्षणीच कळले. माणसाला मूठ नसते, आणि माणूस घाबरते. फिजिओथेरपिस्ट मुलीने दाखवल्याप्रमाणे तिला आधी खाटेच्या कडेशी आणले, पाय जमिनीवर टेकवले, कमरेला रुंद पट्टा बांधला. तिच्या पायांच्या दोन बाजूंना माझे पाय. अगदी अंगाशी घेतली. रॉड जवळ ठेवा, हे शंभरदा ऐकले होते. मी खुब्यातून मागे गेले, श्वास कोंडला आणि म्हणाले, "आई, तीन म्हटलं की तूही जमीन ढकल."

"कायले? मी का पोतं हाय?"

"पोतं असती तर तुला सांगावं लागलं नसतं."

तीन म्हटल्यावर तिने खरेच ढकलली. माझ्या हातांत चाळीस किलो आलेच नाहीत. निम्मे असतील नसतील. आम्ही दोघी एकदम उभ्या झालो. माझी छाती आणि पार्श्वभाग बरोबर उठले की नाही ते पाहायला कोणी नव्हते. ती माझ्या खांद्यावर हनुवटी टेकून जरा थांबली. तिच्या केसांना खोबरेल आणि दवाखान्याचा मिळून वास येत होता.

"दुखलं का वो तुले?" तिने विचारले.

"नाही."

तिने वॉकर धरला. ओसरीपर्यंत सतरा पावले; मी मोजली. तिथे खुर्चीवर बसली, रस्त्याने दसऱ्याची झेंडूची फुले घेऊन येणारे-जाणारे लोक पाहिले, कोणाची सून कोण ते विचारले. दिवेलागणीला मी तिला चहा दिला. तो संपवून तिने कप पुढे केला.

"अजून अर्धा असला तं दे," म्हणाली.