इतर अधिकार

सातबारा माझ्या हातात होता. भोगवटादाराच्या रकान्यात दोन भावांची नावं होती. ती मी दोनदा वाचली, आधार कार्डांशी ताडून पाहिली आणि कागद घडी करून खिशात घातला. त्याच कागदावर उजव्या बाजूला, ‘इतर अधिकार’ या रकान्यात, आणखी दोन नावं होती. बायकांची. ती मी वाचली नाहीत. पुढच्या तीन वर्षांत जे झालं, त्याची सुरुवात त्या न वाचलेल्या रकान्यात आहे.

2018 चा चैत्र होता. बाबांचं बालपण जुन्या पनवेलमधल्या एका वाड्यात गेलं. वाडा पडला, जागेवर इमारत आली आणि आम्ही तिसऱ्या मजल्यावर राहायला गेलो. तेव्हापासून बाबा अंगणाबद्दल बोलत. सकाळी उठल्यावर पाय मातीला लागला पाहिजे, एवढंच त्यांचं मागणं. निवृत्तीचे पैसे त्यांनी त्यासाठी बाजूला ठेवले होते, आणि ते मागणं त्यांच्या हयातीत पुरं करायचं हे मी मनात पक्कं केलं होतं.

नेऱ्याच्या पुढे, प्रबळगडाच्या दिशेने जाताना ते गाव लागतं. नाव लिहीत नाही, कारण ज्यांच्या घराविषयी लिहितोय ती माणसं आजही तिथे राहतात. घर कौलारू, पुढे पडवी, आत माजघर, मागे आठ गुंठ्यांचं परस. परसात विहीर, दोन आंबे आणि एक उंच माड. आम्ही गेलो तेव्हा दुपारचे तीन वाजले होते. होल्याचं घुमणं सोडलं तर दुसरा आवाज नव्हता. बाबा पडवीत बसले आणि उठायलाच तयार होईनात. मी तिथेच इसाराची रक्कम बोलून मोकळा झालो. घर पाहायला एकदाच गेलो, तेही उन्हाळ्यात. आईला आणि बायकोला बरोबर नेलं नव्हतं.

घाईला आणखी एक कारण होतं. नवी मुंबई विमानतळाच्या प्रभावक्षेत्रातली गावं 2013 साली ‘नैना’ म्हणून अधिसूचित झाली आणि त्यांचं नियोजन सिडकोकडे गेलं. तेव्हापासून आमच्या तालुक्यात जमिनीच्या भावाशिवाय चहा संपत नाही. ‘विमानतळ झाला की हे घर तुम्हाला परवडणार नाही,’ असं एजंट म्हणाला आणि मला ते पटलं. विमानतळाचं उद्घाटन व्हायला 2025 चा ऑक्टोबर उजाडला. माझ्याकडे विचार करायला हवा तेवढा वेळ होता.

कागद असे होते. घर गावठाणात, त्यामुळे त्याला सातबारा नाही. गावठाणाची मोजणी झालेली नव्हती, म्हणून मालमत्ता पत्रकही नाही. होता तो ग्रामपंचायतीचा नमुना 8, म्हणजे घरपट्टीचा उतारा. घरपट्टी कोणाकडून घ्यायची एवढंच तो सांगतो, मालकी सिद्ध करत नाही. मी त्यालाच मालकीचा कागद समजलो. परस मात्र गावठाणाबाहेर, शेतजमिनीत, म्हणून त्याचा सातबारा. मी शेतकरी नाही. कुळकायद्याच्या कलम 63 प्रमाणे परवानगीशिवाय मला शेतजमीन घेताच येत नाही, आणि आठ गुंठ्यांना तेव्हा तुकडेबंदी आडवी येतच होती. हे एजंटला माहीत होतं. तो म्हणाला, ‘सध्या नोटरी करून ठेवू, शेतकरी दाखल्याचं मी बघतो.’ बघतो म्हणजे काय करणार, हे मला कळलं होतं. मी त्याला नको म्हणालो नाही. ही चूक अज्ञानाची नव्हती, आणि तिची लाज मला बाकी सगळ्या चुकांपेक्षा जास्त वाटते.

शंभर रुपयांच्या स्टॅम्पपेपरवर घर आणि परस दोन्हींचा करार झाला. नोटरीचा शिक्का बसला. ठरलेल्या 26 लाखांपैकी 20 लाख मी त्याच आठवड्यात दिले.

माझी धाकटी बहीण नेदरलँड्समध्ये असते. आदल्याच वर्षी तिने आणि तिच्या नवऱ्याने आइंडहोवनजवळच्या न्यूनन या गावात घर घेतलं होतं. व्हॅन गॉग तिथे दोन वर्षं राहिला होता, ‘बटाटे खाणारे’ हे चित्र त्याने तिथेच काढलं. मी मोठ्या अभिमानाने तिला फोन केला. तिने पहिलाच प्रश्न केला, ‘दादा, नोटरीने काय काय तपासलं?’ मी म्हटलं, ‘सगळं.’ ती निर्धास्त झाली.

तिच्याकडे घराचं हस्तांतरण नोटरीशिवाय होतच नाही. घर कोणाच्या नावावर आहे, त्यावर कर्ज किंवा कोणाचा हक्क आहे का, हे तो ‘कडास्टर’ या सरकारी जमीन नोंदणीत पाहतो. पैसे त्याच्या स्वतंत्र खात्यात जमा होतात, खरेदीखत तोच करतो आणि कडास्टरमध्ये नोंदवतो. शिवाय करार हातात पडल्यावर घेणाऱ्याला तीन दिवस मिळतात. त्या मुदतीत कारण न देता माघार घेता येते. तिने त्या तीन दिवसांत बांधकामाचा जाणकार नेऊन पोटमाळ्याची लाकडं तपासून घेतली होती. आपल्याकडे नोटरी पाहतो ती सही करणाऱ्याची ओळख. माझ्या नोटरीने त्याचं काम चोख केलं होतं. सही करणारे ते दोघे भाऊच होते. मालकी मिळते ती दुय्यम निबंधकाकडे नोंदवलेल्या खरेदीखताने, आणि ते झालेलंच नव्हतं. वकिलाकडून तीस वर्षांचा सर्च रिपोर्ट घेतला असता, वर्तमानपत्रात जाहीर नोटीस दिली असती, तर पंधरा-वीस हजारांत सगळं उघड झालं असतं. ते पैसे मी वाचवले होते.

अक्षय तृतीयेला आईबाबांना तिथे नेलं. जुलैत गावच्या रस्त्यावरच्या साकवावरून पाणी जाऊ लागलं. एका रात्री बाबांना धाप लागली. पाणी उतरेपर्यंत, पहाटे चारपर्यंत, मी गाडीत त्यांचा हात धरून बसलो होतो. ते बरे झाले. त्या रात्रीबद्दल याहून जास्त लिहवत नाही.

गौरी आल्या त्या दिवशी सकाळी पडवीत एक बाई येऊन उभी राहिली. पन्नाशीची असेल. हातात पिशवी, पिशवीत तेरड्याची रोपं. तिने चपला कोपऱ्यात काढल्या, दाराशेजारच्या खांबाला सहज हात लावला, आणि मग तिला आमची आई दिसली. आईने तिला विचारलं, ‘कोण पाहिजे?’

ती विकणाऱ्या भावांची मोठी बहीण होती. दरवर्षीप्रमाणे माहेरी गौरीला आली होती. घर दिल्याचं तिला कुणी सांगितलंच नव्हतं. ती चिडली नाही, रडलीही नाही. आईने पाणी दिलं ते प्यायली, परसात जाऊन आली आणि म्हणाली, ‘तो माड आमच्या आईने लावलाय. मी पाचवीत होते.’ मग रोपं पिशवीत होती तशीच घेऊन ती गेली.

रात्री मी सातबारा काढला आणि पहिल्यांदा पूर्ण वाचला. वडील गेल्यावर मुलग्यांची नावं भोगवटादार म्हणून चढवायची आणि मुलींची ‘इतर अधिकार’मध्ये टाकायची, ही आपल्याकडची जुनी रीत. कायदा तिला कधीच मागे टाकून गेलाय. महाराष्ट्राने 1994 सालीच, तोवर लग्न न झालेल्या मुलीला, वडिलोपार्जित मिळकतीत मुलाइतका हक्क दिला, देशभर सगळ्या मुलींना तो 2005 च्या दुरुस्तीने मिळाला. दोन्ही बहिणींनी हक्कसोड पत्र दिलेलं नव्हतं. त्यांच्या सह्यांशिवाय त्यांचा हिस्सा विकण्याचा भावांना अधिकारच नव्हता.

एजंटला फोन केला. तो म्हणाला, ‘ताबा तुमचा आहे ना? जाऊ द्या त्यांना कोर्टात. वीस वर्षं निघतील.’ चार रात्री मी त्या वाक्याचा आधार घेऊन झोपलो. आमचे पैसे अडकले होते, बाबा थकले होते, आणि ती बाई भांडायला येईल असं वाटत नव्हतं. ती भांडणार नाही, याच हिशेबावर मी माझं घर टिकवायला निघालो होतो.

पाचव्या दिवशी जेवताना मी हे आईसमोर बोललो. ती ताटाकडे बघत म्हणाली, ‘तिला कुणी विचारलं नाही, आणि मला कुणी विचारलं होतं?’

मला उत्तर देता आलं नाही. पनवेलला आईचं भजनी मंडळ होतं, पायी जाता येईल असा भाजीबाजार होता, चाळीस वर्षांपासूनच्या मैत्रिणी होत्या. अंगण बाबांचं स्वप्न होतं, आणि आईचंही तेच असणार असं मी धरून चाललो. बायको रोज पनवेल स्टेशनहून बेलापूरला जाते. गावातून तिचे दोन्ही वेळचे मिळून दोन तास वाढणार होते, मुलीचं दहावीचं वर्ष होतं. बायको तेव्हा एवढंच म्हणाली होती, ‘ठरवलंच आहेस ना?’ मी त्याला होकार समजलो होतो.

दुसऱ्या दिवशी एक वकीलबाई गाठल्या. त्यांनी परसाचा व्यवहार आधी सोडायला लावला. त्यापोटी दिलेल्या पैशांतले निम्मेच भावांकडून परत आले. मग दोन्ही बहिणींच्या घरी गेलो, आईला बरोबर घेऊन. घरातल्या त्यांच्या हिश्श्याचे प्रत्येकी साडेचार लाख ठरले. ते उभे करायला बायकोचे दागिने गहाण ठेवावे लागले. त्याआधी तिला विचारलं. तिने एक रात्र मागितली आणि सकाळी हो म्हणाली.

खरेदीखत 2021 मध्ये झालं. देणार म्हणून चौघं भावंडं, घेणार म्हणून बायको आणि मी. निबंधक कार्यालयात गर्दी होती, तरी बायकोने बाकावर बसून दस्त पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत मोठ्याने वाचला. दोन्ही बहिणी शेजारी बसून ऐकत होत्या. धाकटीने मध्येच थांबवून स्वतःचं नाव पुन्हा वाचायला सांगितलं.

पावसाळ्याचे चार महिने आता आईबाबा पनवेलच्या फ्लॅटवर असतात, दिवाळीनंतर गावी येतात. पुढे स्वामित्व योजनेत गावठाणाची ड्रोनने मोजणी निघाली. त्याआधी प्रत्येकाच्या हद्दीवर चुन्याच्या रेघा मारतात, म्हणजे त्या वरून दिसतात. आमच्याकडे मारायला आले तेव्हा चौघंही भावंडं हजर होती. मोठ्या बहिणीने पदर खोचला, पोत्यातला चुना ओंजळीत घेतला आणि मागच्या भिंतीला धरून स्वतः रेघ ओढली. माड रेघेपलीकडे राहिला. आईने तोपर्यंत चहा टाकला होता.