मिरचीचें औषध

आमच्या गडहिंग्लज भागांत शेतकरी पिकावर कीटकनाशक फवारीत नाहीं. तो 'औषध मारतो'. लहानपणापासून हा शब्दप्रयोग मीं हजारदां ऐकला असेल, पण त्यांतील विसंगति कधीं कानाला टोंचली नाहीं. औषध द्यायचें असतें, घ्यायचें असतें, फार तर पाजायचें असतें. तें मारायचें कसें? याच शब्दाचा दुसरा एक प्रयोग आहे, तो उच्चारतांना मात्र माणसांचा आवाज आपोआप खालीं येतो. कर्जाला किंवा घरांतल्या कलहाला कंटाळून कोणी जीव दिला, तर 'त्यानें औषध घेतलें' असें गांव म्हणतें. डबा एकच, कोनाडा एकच आणि शब्दहि एकच! तीस वर्षें मी महाविद्यालयांत इंग्रजी वाङ्मय शिकवीत आलों आहें. शब्दांच्या छटा उकलून दाखविणें हाच माझा चरितार्थ. परंतु या शब्दाची खरी छटा मला पन्नाशी उलटल्यावर उमगली, आणि तीहि मिरचीच्या एका पोत्यामुळें.

चैत्र लागला कीं आमच्या घरीं वर्षाच्या चटणीची गडबड सुरू होते. कोल्हापूरकडे चटणी म्हणजे मिरची, कांदा, लसूण, खोबरें, तीळ, धने इत्यादि जिन्नस कांडून केलेलें, वर्षभर पुरणारें तिखट. तिच्यासाठीं लागणारी जवारी मिरची माझा धाकटा भाऊ गांवाहून देतो. जवारी म्हणजे आपल्या मातीची. बाजारांत ती संकेश्वरी या नांवानें ओळखली जाते. लांब, सडपातळ, पावसाच्या पाण्यावर येणारी, उत्पन्नाला बेताची पण चवीला खणखणीत. या चटणीचा मला मोठा अभिमान होता. दुपारीं सहकाऱ्यांपुढें डबा उघडतांना 'ही घरच्या शेतांतली बरें का!' असें म्हटल्याशिवाय मला घांस गोड लागत नसे.

तीन वर्षांपूर्वीं मिरची आणण्यासाठीं मी स्वतःच गांवीं गेलों. अंगणांत दोन ढीग होते. एक मोठा, लालभडक, एकसारखा. दुसरा लहान, त्यांतल्या कांहीं मिरच्या वांकड्या, कांहींवर डाग. अर्थात् मीं पोतें मोठ्या ढिगाजवळ नेलें. तेव्हां मिरची निवडीत बसलेली, आमच्याकडे वर्षानुवर्षें कामाला येणारी म्हातारी बाई म्हणाली, "ती न्हवं, दादा. ती बाजाराची. आपली ही हिकडं हाय." मीं फरक विचारला. मान वर न करतां ती म्हणाली, "तिला औषध मारलंय."

भावाला विचारलें, तर त्यानें कांहींएक लपविलें नाहीं. विहिरीकडच्या दोन सऱ्या तो दरवर्षीं घरासाठीं वेगळ्या राखीत असे; बाकीच्या एकरावर त्या हंगामांत १८ वेळां औषध मारलें होतें. "मग ती मिरची खाणाऱ्यांचें काय?" मीं जरा चढ्या स्वरांत विचारलें. तो शांतपणें म्हणाला, "दादा, खाणारा डाग बघतो, औषध त्याला दिसत नाहीं. आतां तुम्हीं तरी पोतें कुठल्या ढिगाकडे नेलेंत?" या प्रश्नाचें उत्तर माझ्यापाशीं नव्हतें. ज्या चटणीच्या शुद्धतेची मी प्रौढी मिरवीत होतों, ती शुद्धता दोन सऱ्यांपुरती होती, आणि तिची किंमत मोठ्या ढिगानें भरली होती.

शेतकरी हौसेनें अठरा वेळां पाठीवर पंप घेत नाहीं, हेंहि मला त्या दिवसांत कळलें. मिरचीचें झाड म्हणजे साऱ्या किड्यांचें माहेरघर. फुलकिडे पानांतला रस शोषतात, तेव्हां पानांच्या कडा वरच्या बाजूला वळून त्यांच्या होड्या होतात; कोळी रस शोषतात, तेव्हां त्याच कडा खालीं वळतात. पांढरी माशी रस तर पितेच, पण एका झाडाचा विषाणु दुसऱ्या झाडाला नेऊन पोंचविते. या साऱ्याला आमच्याकडे चुरडामुरडा किंवा बोकड्या असें एकच नांव आहे. आणि नांव एक म्हणून औषधहि एकच, अशी सरसकट समजूत आहे. वास्तविक फुलकिड्याचें औषध कोळ्याला लागू पडेलच असें नाहीं, आणि विषाणु एकदां झाडांत शिरला कीं त्यावर औषधच नाहीं. तें झाड उपटून पुरणें हाच उपाय. २०१५ सालीं बंगळूरला पपईवर प्रथम आढळलेल्या एका परदेशी काळ्या फुलकिड्यानें २०२१ मध्यें आंध्र व तेलंगणांतील मिरचीचे मळेच्या मळे उद्ध्वस्त केले. तेव्हांपासून फुलांत एखादा काळा ठिपका हलतांना दिसला कीं शेतकऱ्याच्या पोटांत गोळा येतो. मग तो दुकानाकडे धांवतो. तेथें दुकानदार हाच वैद्य. त्यानें नाडी न पाहतांच तीन बाटल्या पुढें करायच्या आणि यानें त्या एका टाकींत कालवायच्या.

अशा एका दुकानांत मी भावाबरोबर गेलों. बाटलीवर एक चौकोन असतो. त्याच्या खालच्या अर्ध्या भागाचा रंग विषाची तीव्रता सांगतो. लाल सर्वांत भयंकर, मग पिवळा, मग निळा आणि हिरवा. वापराच्या सूचना इतक्या बारीक अक्षरांत छापल्या होत्या कीं, चष्मा पुसून पुसूनहि मला त्या वाचवल्या नाहींत. ज्याचें सारें आयुष्य वाचण्यांत गेलें त्याची ही गत. तर ज्यानें दुपारच्या उन्हांत उघड्या अंगानें पंप मारायचा त्यानें काय वाचावें? २०१७ सालीं यवतमाळ जिल्ह्यांत कापसावर फवारणी करतांना विषबाधा होऊन कितीतरी शेतकरी व मजूर दगावले. ती बातमी मीं वाचली होती, हळहळलों होतों आणि वर्तमानपत्र घडी करून ठेवलें होतें.

अधिक फवारलें म्हणजे पीक अधिक राखलें जातें, हाहि एक भ्रम आहे. या विषानें कीड मरते तशी कीड खाणारी ढालकिडा, क्रायसोपा यांसारखी मित्रमंडळीहि मरते. कोळ्यांना खाणारे दुसरे कोळी असतात. पायरेथ्रॉइड जातीच्या औषधांनीं ते आधीं नाहींसे होतात, आणि मग मिरचीवरील कोळ्यांना मोकळें रान मिळतें. शिवाय प्रत्येक फवारणींतून जे थोडे किडे वांचतात, तेच पुढच्या पिढीचे पूर्वज होतात. अशा रीतीनें आपणच चिवट शत्रूची निपज करतों. या खटाटोपाचे अवशेष अखेर फळांत उरतातच. २०१४ सालीं सौदी अरेबियानें याच कारणासाठीं भारतांतील हिरव्या मिरचीची आयात थांबविली होती. परक्यानें माल नाकारला म्हणजे त्याची बातमी होते. आपण तोच माल भाकरीबरोबर खातों, त्याची होत नाहीं.

या विचारांत असतांना मला मिरचीचीच गंमत वाटूं लागली. मूळची ही अमेरिकेची. पोर्तुगीजांबरोबर सोळाव्या शतकांत इकडे आली. ज्ञानेश्वरांच्या स्वयंपाकघरांत मिरें होतें, मिरची नव्हती. पण आली ती स्वतःचें औषध बरोबर घेऊन! तिचा तिखटपणा सर्व फळांत सारखा पसरलेला नसतो. बिया ज्या पांढऱ्या शिरेला धरून असतात, तिच्यांत तो साठविलेला असतो. दाढांनीं बिया चावून नष्ट करणाऱ्या उंदरासारख्या प्राण्यांना तो झोंबतो. बिया अखंड गिळून दूरवर टाकणाऱ्या पांखरांना तो जाणवतहि नाहीं. बोलिव्हियांतील रानमिरच्यांवर झालेल्या संशोधनांत असें दिसलें कीं, बिया कुजविणाऱ्या बुरशीलाहि तो आवर घालतो. विष कोठें ठेवावें, कोणासाठीं ठेवावें आणि कोणाला त्याची झळ लागूं देऊं नये, हें या झाडाला नेमकें साधलें आहे. जिनें आपलें विष इतकें मोजूनमापून वापरलें, तिच्यावर आपण मात्र न मोजतां विष ओततों.

मीं भावापुढें प्रस्ताव मांडला. एकरांतील १० गुंठे वेगळे काढायचे, त्यांवर रासायनिक औषध मुळींच मारायचें नाहीं, आणि तूट आली तर ती मीं भरायची. तो हंसला, पण नाहीं म्हणाला नाहीं. कृषि विद्यापीठांच्या पुस्तिकांत सांगितलेले उपाय आम्हीं एकेक करून हाताशीं घेतले. बियाण्याला ट्रायकोडर्मा चोळला. रोपें बारीक जाळीखालीं वाढविलीं, म्हणजे विषाणूची बाधा बाळपणींच होऊं नये. शेताच्या कडेनें मक्याच्या दोन ओळी लावल्या. उडत येणारी कीड त्या भिंतीशींच थबकते. फुलकिड्यांसाठीं निळे आणि पांढऱ्या माशीसाठीं पिवळे चिकट सापळे टांगले. युरिया निम्म्यावर आणला, कारण नत्राच्या माजानें आलेली लुसलुशीत पालवी किड्यांना फार आवडते. आषाढांत गोळा करून वाळविलेल्या निंबोळ्यांची ५ किलो पूड रात्रभर भिजवून, गाळून, १०० लिटर पाण्यांत तिचा अर्क केला.

आश्विनापर्यंत सारें ठीक चाललें होतें. मग पाऊस ओसरला, ऊन तापलें आणि फुलकिडे वाढले. मी दर रविवारीं फोन करून 'निंबोळी मार, धीर धर' असें सांगत होतों. एका रविवारीं भाऊ बराच वेळ कांहीं बोलेना. मग म्हणाला, "दादा, तुम्हांला शब्द दिला होता. पण काल पहांटे मीं औषध मारलें. सगळ्या दहा गुंठ्यांवर. मला बघवेना." मला राग आला, आणि मीं तो बोलूनहि दाखविला. तूट मी भरणार असतांना त्यानें भ्यावें कशाला, असें मीं विचारलें. तो म्हणाला, "तुमचा पगार एक तारखेला होतो. माझा पगार त्या झाडांवर लोंबत असतो, आणि तो वाळतांना मला रोज बघावा लागतो. पैसे तुम्ही द्याल हो. पण शेजारीपाजारी 'याचें पीक गेलें' म्हणतील, तें कशानें भरणार?"

त्या रात्रीं मला झोंप आली नाहीं. दूर शहरांत, पंख्याखालीं बसून दुसऱ्याच्या शेतावर तत्त्व पेरणें फार सोपें असतें. शेत वडिलार्जित, म्हणून कागदावर अर्धें माझेंहि आहे. पण त्याची भीति मात्र सगळी माझ्या भावाच्या वांट्याला आली होती. पूर्वीं त्यानें औषध मारलें तें लोभानें नव्हे, भीतीनें. आणि भीतीवर उपदेशाचा उतारा पडत नाहीं, हें मला विद्यार्थ्यांवरूनहि आधींच कळायला हवें होतें.

दुसऱ्या वर्षीं आम्हीं शपथा घेतल्या नाहींत. एकच नियम ठरविला: आधीं मोजायचें, मग मारायचें. आठवड्यांतून दोनदां शेतांत तिरपें फिरून ठराविक झाडांचे शेंडे पांढऱ्या कागदावर झटकावयाचे, पडलेले किडे मोजावयाचे आणि आंकडा वहींत लिहावयाचा. आंकडा चढला तर प्रथम निंबोळी. त्यानेंहि उतरला नाहीं, तरच त्या विशिष्ट किडीचें एकच औषध, तेंहि तोडणीच्या आधीं लेबलावर सांगितलेले दिवस सोडून, आणि अंगभर कपडे, हातमोजे व तोंडाला मुखवटा लावून. आश्चर्य असें कीं, वही आल्यावर भावाची भीति कमी झाली. पूर्वीं सर्व शेतच त्याला आजारी दिसे. आतां आजार कोणत्या कोपऱ्यांत आहे हें तो बोटानें दाखवूं लागला. त्या हंगामांत सबंध एकरावर मिळून ६ फवारण्या झाल्या. त्यांतल्या ४ निंबोळीच्या.

उत्पन्नाचें म्हणाल, तर पहिल्या वर्षीं त्या दहा गुंठ्यांत तूट आलीच. दुसऱ्या वर्षीं पीक नेहमीइतकें उतरलें आणि औषधाचा बराच खर्च वांचला. मोजणीला व निंबोळीला मजुरी मात्र अधिक पडली. प्रत सुधारली, ती बहुतांशीं वाळवणानें. मिरची मातीवर न पसरतां जाळीच्या उंच मांडवावर पातळ थरांत वाळविली, रात्रीं दंव पडण्यापूर्वीं झांकली. त्यामुळें बुरशीनें पांढरी पडलेली मिरची फार थोडी निघाली आणि रंग टिकला. बाजारांत व्यापाऱ्यानें मूठभर मिरची उचलून रंग पाहिला, वांकवून पाहिली, भाव सांगितला. किती वेळां औषध मारलें हें त्यानें विचारलें नाहीं. ज्या दिवशीं तो तें विचारील, त्या दिवशीं माझ्या भावासारख्यांचें काम सोपें होईल. तोंवर वहीचे आंकडे वहींतच राहणार.

यंदा फाल्गुनांत मी पुन्हा पोतें घेऊन गेलों. अंगणांत एकच ढीग होता. विहिरीकडच्या दोन सऱ्या भावानें वेगळ्या राखल्याच नव्हत्या. मीं त्या म्हाताऱ्या बाईला विचारलें, "यांतली आपली कुठली?" ती म्हणाली, "आतां समदी आपलीच." मीं पोतें भरलें, घरीं आणलें, चटणी झाली. वहीप्रमाणें यंदाच्या मिरचीवर २ वेळां औषध मारलें आहे. म्हणजे पूर्वीं माझ्या ताटांत एकहि फवारणी नव्हती, ती आतां आली आहे. आणि ज्यांना मी ओळखत नाहीं अशा लोकांच्या ताटांतल्या सोळा कमी झाल्या आहेत. दुपारीं डबा उघडतांना सहकारी अजूनहि विचारतात, "घरच्या शेतांतली का?" मी 'हो' म्हणतों, मात्र आतां पुढें 'बरें का' जोडीत नाहीं.