खिडकीपाशी एक दिवस

दिवाळीच्या सुट्टीला जोडून चार दिवसांची रजा मंजूर झाली आणि आम्ही दोघांनी मालवणला जायचे ठरविले. लग्नाला बावीस वर्षे झाली. कुणाचे लग्न नाही, कुणाची माती नाही, तरीही घराबाहेर पडलो, असा हा आमचा पहिलाच प्रवास.

पहाटे तीनला ही उठली. भाकरी, सुकटीची चटणी, कांदे, पाण्याच्या बाटल्या पिशवीत भरल्या. आईच्या औषधांच्या वेळा मुलांना दोनदा बजावल्या. उल्हासनगरहून लोकलने दिव्याला आलो. सावंतवाडीची गाडी तिथून सकाळी साडेसहाच्या सुमारास सुटते. आरक्षण नव्हते. गर्दीत आधी मी चढलो, रुमाल टाकून खिडकी धरली आणि हिला बसविले.

"तुम्ही बसा हो. मला कुठेही चालते," ती म्हणाली. मी ऐकले नाही.

पनवेल, पेण मागे पडले. रोह्यापासून कोकण रेल्वे सुरू होते. या मार्गावर सलग प्रवासी गाडी २६ जानेवारी १९९८ रोजी धावू लागली. त्यापूर्वी चाकरमानी एस.टी.ने आणि त्याहीपूर्वी बोटीने गावी जात. कोलाड, माणगाव करीत गाडी वीरला थांबली. महाडला जायला हे स्टेशन जवळचे.

मी सवयीने सांगू लागलो, "२० मार्च १९२७ ला बाबासाहेबांनी..."

"माहीत आहे," ती म्हणाली. "दर मार्चला महाडला जाताना तुमची पिशवी मीच भरून देते ना? मी मात्र आज पहिल्यांदा महाडच्या इतक्या जवळ आले. तेही खिडकीतून."

आवाजात राग नव्हता. म्हणूनच ते जास्त लागले. डिसेंबर १९२७ च्या महाड परिषदेच्या वेळी बाबासाहेबांनी स्त्रियांपुढे खास भाषण केले होते. हे मी कितीतरी सभांत सांगितले आहे. समोर ऐकायला वस्तीतल्या बायका असत. माझ्या घरची बाई मात्र त्या वेळी कार्यकर्त्यांसाठी भाकऱ्या थापीत असे.

वीरपर्यंतचा मार्ग २०२१ साली दुहेरी झाला. पुढे तो बहुतेक एकेरीच आहे. त्यामुळे एक्स्प्रेस यायची असली की आमची गाडी बाजूच्या रुळावर उभी राही. चिपळूणच्या पुढे अशीच ती बराच वेळ थांबली. ही फलाटावर उतरली, चहा प्याली, झाडाखालच्या बाकावर नुसती बसून राहिली. परत आल्यावर म्हणाली, "अर्धा तास झाला, कुणी काही मागितले नाही. बरे वाटले."

पुढे करबुड्याचा साडेसहा किलोमीटरचा बोगदा आला. डब्यातली पोरे ओरडू लागली, तशी हीसुद्धा हसली. रत्नागिरी सोडल्यावर पानवलचा पूल लागला. दरीपासून उंची ६४ मीटर! हिने माझा हात घट्ट धरला, पण डोळे मिटले नाहीत.

संध्याकाळी कुडाळला उतरलो. तिथून एस.टी.ने मालवण गाठेपर्यंत अंधार पडला होता. सिंधुदुर्ग किल्ला दिसला नाही, समुद्राची गाज तेवढी ऐकू आली. पाय सुजले होते. तरी ही म्हणाली, "सकाळी किल्ला बघू. पण आजचा दिवससुद्धा सुट्टीतच धरा."

येत्या २० मार्चला महाडला दोघांनी जायचे, असे त्या रात्रीच ठरले. पिशवी मी भरणार आहे.

कार्यकर्ता बंधूंनो, शिबिरे, मोर्चे, परिषदा आपण पुष्कळ पाहिल्या. आपल्या मागे घर सांभाळणारीला एकदा तरी खिडकीपाशी बसवा. त्याला फार पैसा लागत नाही.