फॉरमॅट मारण्याआधी

'विंडोज उडालंय, फॉरमॅट मारून द्या' हे आमच्या धंद्यात सगळ्यात जास्त ऐकू येणारं वाक्य. सांगलीकडचं गिऱ्हाईक त्याला लगेच जोड देतं, 'पण फोटो तेवढं राहू द्यात.' या दोन मागण्या एकमेकींच्या विरुद्ध आहेत हे त्याला ठाऊक नसतं, आणि ठाऊक असायचं कारणही नाही. ते दुरुस्तीवाल्याला कळायला हवं. पण आमच्यातल्या बऱ्याच जणांना फॉरमॅट हाच एक इलाज येतो. पेनड्राईव्ह लावला, नेक्स्ट-नेक्स्ट केलं, मशीन मोकळं. मग गिऱ्हाईक घरी जाऊन प्रिंटरचा ड्रायव्हर शोधतं, टॅलीचा बॅकअप शोधतं, ग्रामपंचायतीचं मशीन असेल तर मराठी टायपिंगची श्रीलिपी कुठं गेली म्हणून फोन करतं.

विंडोज मोडलं म्हणजे बहुतेक वेळा त्याच्या काही फाईल्स बिघडलेल्या असतात. त्या चांगल्या मिळवून जागेवर बसवल्या की काम होतं, बाकी घर हलवावं लागत नाही. प्रश्न एवढाच, की चांगल्या फाईल्स आणायच्या कुठून? त्या आपल्याच खिशातल्या पेनड्राईव्हवर असतात. फक्त ज्या रूपात असतात त्या रूपात पुष्कळदा कामाला येत नाहीत. ते रूप बदलून घेणं हा आमच्या कामाचा न दिसणारा भाग, आणि मला त्याच भागाची गोडी आहे.

एक्सपीच्या सीडीवर आय-३८६ नावाचा फोल्डर असायचा. त्यात हजारो फाईल्स एकेक करून दाबून ठेवलेल्या, आणि सेटअप त्या एकेक करून उलगडत बसायचा. सायबर कॅफेवाले एवढा वेळ थांबत नसत. ते एक मशीन तयार करून घोस्ट नावाच्या सॉफ्टवेअरने त्याची हुबेहूब प्रत बाकीच्यांवर मारायचे. मदरबोर्ड वेगळा निघाला की निळा पडदा ठरलेला. २००७ च्या जानेवारीत व्हिस्टा बाजारात आलं. विंडोज म्हणून ते फारसं कुणाला आवडलं नाही, पण त्याने इन्स्टॉलची पद्धतच बदलली. तेव्हापासून डीव्हीडीवरच्या 'सोर्सेस' फोल्डरात 'इन्स्टॉल डॉट विम' नावाची एकच दांडगी फाईल असते आणि अख्खं विंडोज तिच्यात असतं. सेटअप ती फाईल डिस्कवर उलगडतो. उरलेला बराचसा देखावा.

विमची रचना मला अजूनही देखणी वाटते. ती डिस्कच्या सेक्टरची नक्कल करत नाही, फाईल्स साठवते. प्रत्येक फाईलचा मजकूर शा-१ या गणिती ठशाने ओळखला जातो. तोच ठसा पुन्हा आला तर मजकूर दुसऱ्यांदा ठेवत नाहीत, नुसती नोंद करतात. म्हणून एकाच विममध्ये होम, प्रो, एज्युकेशन अशा कितीतरी आवृत्त्या मावतात. त्यांच्या बहुतेक फाईल्स एकसारख्याच, फरक तेवढाच वेगळा ठेवलेला. प्रत्येक आवृत्तीला एक क्रमांक असतो, त्याला आम्ही इंडेक्स म्हणतो.

या विमचं धाकटं भावंड म्हणजे ईएसडी. आतला माल तोच, दाबण्याची रीत वेगळी. विममध्ये मजकूर छोट्या छोट्या तुकड्यांत दाबलेला असतो, त्यामुळे हवी ती फाईल पटकन बाहेर काढता येते. ईएसडीत अनेक फाईल्स एकत्र करून एलझेडएमएस पद्धतीने एकाच लांब प्रवाहात दाबतात. आकार बराच घटतो, पण मधली एक फाईल हवी तर तिच्या आधीचं कितीतरी उलगडावं लागतं. बदलीच्या ट्रकमध्ये ठासून भरलेल्या सामानाच्या तळाशी चहाची गाळणी गेली, तसं. इंटरनेटवरून लाखो लोकांना माल पोहोचवायचा तर ही रीत योग्यच. मायक्रोसॉफ्टच्या मीडिया क्रिएशन टूलने पेनड्राईव्ह बनवला की आत ईएसडी मिळते, थेट आयएसओ उतरवली तर सहसा विम. विंडोज टाकायला दोन्ही चालतात, म्हणून कित्येकांचं या फरकाकडे वर्षानुवर्षं लक्षच जात नाही.

लक्ष जातं ते ईएसडी उघडून काही बदलायची वेळ आली की. विम एखाद्या फोल्डरवर माउंट करता येते, म्हणजे साध्या फोल्डरसारखी उघडता येते. तिच्यात अपडेट भरा, ड्रायव्हर घाला, नको ते काढा, आणि जतन करून बंद करा. ईएसडी माउंट होत नाही. त्यासाठी आधी तिची विम करावी लागते. हत्यार विंडोजमध्येच आहे, डिझम नावाचं. आधी 'गेट इमेज इन्फो' म्हणून आत कोणकोणते इंडेक्स आहेत ते पाहायचं. मग 'एक्सपोर्ट इमेज' म्हणायचं: ही ईएसडी, हा इंडेक्स, ही नवी विम, दाब कमाल. सोबत 'चेक इंटेग्रिटी' लावायला विसरायचं नाही. मग आकडा शंभराकडे सरकत राहतो. जुन्या आय-थ्रीवर करायला घेतलंत तर मधे जेवून येता येतं. लिनक्सवाल्यांसाठी विमलिब आहे, फुकट आणि चोख.

इंडेक्स निवडताना आपल्याकडची एक गोष्ट ध्यानात ठेवायची. भारतात दुकानातून घेतलेल्या घरगुती लॅपटॉपवर बहुधा होम सिंगल लँग्वेज असतं. नुसतं होम वेगळं, हे वेगळं. विंडोज ८ पासून लायसन्सची किल्ली लॅपटॉपच्या बायोसमध्येच लिहिलेली येते आणि सेटअप ती वाचून आवृत्ती स्वतः ठरवतो. तुम्ही सगळे इंडेक्स सोडून फक्त प्रोची विम केली, तर त्या किल्लीला जुळणारी आवृत्ती पेनड्राईव्हवर उरतच नाही. म्हणून माझ्या विममध्ये होम, सिंगल लँग्वेज आणि प्रो असतात. 'एन' अक्षराच्या आवृत्त्या युरोपच्या बाजारासाठी. त्या वगळल्या तर इथल्या कुणाचंच अडत नाही.

आता दुरुस्ती. डिझमला 'रिस्टोअर हेल्थ' म्हटलं की तो विंडोजचा फाईलसाठा तपासतो आणि बिघडलेल्या फाईल्स विंडोज अपडेटवरून मागवतो. पण अनेकदा बिघडलेलं असतं ते अपडेटच. मग त्याला सांगायचं, बाहेर जाऊ नकोस, या विममधून घे. इथे नवशिक्या हमखास अडकतो. 'सोर्स फाईल्स सापडल्या नाहीत' असं उत्तर येतं आणि तो म्हणतो, इमेज खराब आहे. इमेज खराब नसते, जुनी असते. मशीनने दर महिन्याचे अपडेट घेतलेले, बिघडलेली फाईल त्यातल्या एखाद्या ताज्या अपडेटमधली, आणि तुमची विम वर्षभरापूर्वीची. तिच्यात ती फाईल असणार कुठून? विम माउंट करून तिच्यात ताजं अपडेट भरलं की तोच हुकूम मुकाट्याने पूर्ण होतो. ईएसडीवर समाधान मानणाऱ्याला हा रस्ता बंद. तो फॉरमॅट मारतो आणि 'व्हायरस होता' असं सांगतो.

अपडेट भरून जतन केलेली विम फुगते, कारण बदललेल्या फाईल्सचा जुना मजकूर आत तसाच पडून राहतो. तिला पुन्हा एकदा एक्सपोर्ट केलं की ती हडकते. माउंट चालू असताना लाईट गेली तर अर्धवट माउंट लटकत राहतं आणि पुढची कामं अडवतं. तेव्हा 'क्लीनअप माउंटपॉइंट्स' म्हणायचं. त्याहून बरं म्हणजे हे काम यूपीएसवर करायचं.

ड्रायव्हरचंही असंच. अकराव्या पिढीपासूनच्या बऱ्याच इंटेल लॅपटॉपवर सेटअप सुरू होतो, पण डिस्कच दाखवत नाही. गिऱ्हाईक घाबरतं, आणि काही दुकानदार नवी एसएसडी विकायला बघतात. डिस्क धडधाकट असते. ती व्हीएमडी नावाच्या कंट्रोलरच्या मागे असते आणि त्याचा ड्रायव्हर सेटअपकडे नसतो. तो 'बूट डॉट विम'च्या दुसऱ्या इंडेक्समध्ये घालायचा, कारण सेटअप तिथून चालतो. आणि इन्स्टॉलच्या विममध्येही घालायचा, नाहीतर पहिल्या रिस्टार्टला पुन्हा तोच घोळ.

एवढं करून विम सहज चार जीबीच्या वर जाते आणि मग पेनड्राईव्ह तिला घेत नाही. यूईएफआय, म्हणजे नव्या धर्तीचं बायोस असलेलं मशीन हमखास वाचतं ती फॅट-३२ फाईल-मांडणी, आणि फॅट-३२ मध्ये फाईलचा आकार लिहायला ३२ बिटांचीच जागा. ४,२९,४९,६७,२९५ बाइट्स, त्यापुढे एकही नाही. पेनड्राईव्ह ६४ जीबीचा असला तरी 'फाईल फार मोठी आहे' या अर्थाचा निरोप येतो आणि माणूस चक्रावतो. उपाय सोपा: विमचे ३,८०० एमबीचे तुकडे पाडायचे. त्यांना एसडब्ल्यूएम म्हणतात, आणि सेटअप ते बिनतक्रार जोडून घेतो. पेनड्राईव्ह बनवणारा रुफस नावाचा प्रोग्राम वेगळी युक्ती करतो. मोठी फाईल एनटीएफएसवर ठेवतो आणि एनटीएफएस वाचता येईल असं एक चिमुकलं पार्टिशन शेजारी करतो. मी तुकडे पाडतो, कारण जुन्या, हट्टी बायोसवर ते जास्त भरवशाचं वाटतं. ज्याची त्याची सवय.

संगणक वर्गांचं काम निघालं की हीच विम वेगळ्या अंगाने उपयोगी पडते. सगळी मशीनं एकसारखी. एकावर सॉफ्टवेअर, मराठी कीबोर्ड, प्रिंटर सगळं बसवायचं, विंडोजमधल्याच सिसप्रेप या हत्याराने त्याची ओळख पुसायची, विम पकडायची आणि बाकीच्यांवर उलगडायची. सिसप्रेप गाळून नुसती प्रत मारणारे अजूनही भेटतात. मशीनं चालतात खरी, पण सगळी एकाच ओळखीची, आणि नेटवर्कवरच्या सामायिक फोल्डरांचे भलभलते घोळ वर्गाच्या सरांना निस्तरावे लागतात.

एका गोष्टीवर मात्र माझी तडजोड नाही. टेलिग्रामवर आणि गल्लीबोळांतल्या पेनड्राईव्हवर 'ॲक्टिव्हेटेड', 'लाईट', 'गेमिंग' अशा नावांनी तयार आयएसओ फिरतात. त्याही कुणीतरी याच पद्धतीने विम उघडून बनवलेल्या असतात. मी जसा आत ड्रायव्हर घालू शकतो तसा तो आत काहीही घालू शकतो, आणि गिऱ्हाईक त्याच मशीनवर बँकेचा पासवर्ड टाकतं. मूळ आयएसओ मायक्रोसॉफ्टकडून थेट आणि फुकट मिळते. तरीही ही उसनी घाण कशाला वापरायची, हे मला आजवर कुणी पटवून देऊ शकलेलं नाही.

विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. पण अकरा चालणार नाही अशी हजारो मशीनं शाळांत, दवाखान्यांत, सोसायट्यांत अजून सुरू आहेत आणि ती आपल्याच टेबलावर येणार आहेत. या धंद्यातल्या मित्रांना एवढीच विनंती: दहाची मूळ आयएसओ आत्ताच उतरवून घ्या, विंडोजमधल्या सर्टयुटिलने तिचा शा-२५६ ठसा काढून वहीत लिहून ठेवा, तिची विम करा, शेवटचं अपडेट तिच्यात भरा आणि दोन वेगळ्या डिस्कवर ठेवा.